अडसराने राखलेलं छप्पर

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि पुढे आम्हा सुतारांना मान वर करायला फुरसत मिळाली नाही. बहुतेक कामं छपरांचीच. त्यातलं एक घर मात्र मनात राहिलं.

सुपारीची बाग आडवी पडलेली. माजघरावरची कौलं थोडीफार सरकली होती, बाकी छप्पर शाबूत. शेजारच्या खोलीवर मात्र थेट आभाळ. वासे त्याच लाकडाचे, त्याच वयाचे. मग असं का?

मी खिडक्या पाहिल्या. माजघराची खिडकी जुनी, आत उघडणारी, चार झडपांची. खालच्या दोन मिटून वरच्या दोन उघड्या ठेवल्या की वारा आणि उजेड येतो, पण रस्त्यावरून घरातलं माणूस दिसत नाही. (ही सोय ज्याने पहिल्यांदा केली त्या सुताराला माझा नमस्कार.) वाऱ्याचा रेटा झडपांना आत ढकलतो, म्हणून मागे आडवा अडसर, त्याची टोकं चिऱ्याच्या भिंतीत खोल गेलेली. वादळाआधी घरच्या आजींनी तो घातला होता. शेजारच्या खोलीत नवी सरकती खिडकी. तिची काच फुटली आणि वारा आत शिरला. वरून जाणारा वारा छप्पर उचलतच असतो, त्यात आतूनही दाब आला की वासे खिळ्यांसकट निघतात. माझ्या मते तिथे हेच झालं.

आजींचा मुलगा म्हणाला, "मिस्त्री, आता सगळीकडे स्लायडिंगच टाका. लाकूड फुगतं."

"माझ्या खिडकीला हात लावायचा नाही," आजी आतून म्हणाल्या.

पावसात झडप फुगते, खरं आहे. पण पुष्कळदा दोष लोखंडाचा असतो. खाऱ्या हवेत बिजागरी गंजते, गंज फुगतो आणि लाकूड चिरतं. रत्नागिरीचा थिबा राजवाडा १९१० सालचा, त्याच्या नक्षीदार लाकडी खिडक्या जाऊन पाहा. शिवाय सरकती खिडकी अर्धीच उघडते. मे महिन्यात दुपारी समुद्राचा वारा घरात पुरा घ्यायचा तर झडपच हवी.

त्या खोलीला मी सागवानी झडपा केल्या. बिजागऱ्या पितळी आणि स्क्रूही पितळीच, कारण पितळेत लोखंडी स्क्रू मारला तर तो आणखी लवकर गंजतो. अडसरासाठी भिंतीत वीतभर खोल भोकं पाडली. मुलाने अडसर घालून झडपांवर बाहेरून खांदा लावून पाहिला, आणि पडवीच्या खिडकीचं माप घ्यायला सांगितलं.