तोंड नाही, पोट नाही. मग जेवतो कसा?

शाळांमध्ये खोल समुद्राविषयी बोलायला जाते तेव्हा मी नळीकृमीचा फोटो दाखवते. पांढरी नळी, वर लालभडक तुरा, उंची दोन मीटरपर्यंत. याला तोंडही नाही आणि आतडंही नाही, असं सांगितलं की मागच्या बाकावरून प्रश्न येतोच, ‘‘मग तो जेवतो कसा?’’ तेवढ्यात तास संपलेला असतो. म्हणून आज नीट सांगते.

आधी तो राहतो कुठे ते बघू. पॅसिफिक महासागरात, गॅलापागोस बेटांच्या बाजूला, सुमारे अडीच किलोमीटर खोल. मिट्ट काळोख, पाणी जेमतेम २ अंशांचं. पण तळाला भेगा आहेत. त्यांतून समुद्राचं पाणी आत झिरपतं, तापलेल्या खडकापर्यंत जातं आणि खनिजं, वायू सोबत घेऊन पुन्हा वर उसळतं. काही ठिकाणी ते ३५० अंशांच्याही वर जातं, तरी उकळत नाही, कारण डोक्यावरच्या पाण्याचा दाब त्याची वाफ होऊच देत नाही. नळीकृमी मात्र त्या कढत धारेत उभा नसतो हं! गरम आणि गार पाणी मिसळतं तिथे, कोमट पाण्यात तो असतो.

१९७७ साली ‘ॲल्विन’ या छोट्या पाणबुडीतून माणसं तिथे पहिल्यांदा उतरली. शोधायचे होते गरम पाण्याचे झरे, त्यामुळे मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. आणि खाली बघतात तर शिंपले, खेकडे आणि हे कृमी! नमुने टिकवायला पुरेसं रसायनही जहाजावर नव्हतं. शेवटी काही प्राणी जहाजावरच्या लोकांनी स्वतःसाठी आणलेल्या व्होडकात बुडवून ठेवले. मला या शोधातली ही गोष्ट फार आवडते.

तो जेवतो कसा, हे कोडं पुढची काही वर्षं सुटेना. १९८० मध्ये अमेरिकेत या कृमीवर एक व्याख्यान चाललं होतं. त्याच्या शरीरात गंधकाचे स्फटिक सापडतात, असं वक्ते सांगत होते. कॉलीन कॅव्हॅना ही विद्यार्थिनी भर व्याख्यानात उठली आणि म्हणाली, मग त्याच्या आत गंधकावर जगणारे जिवाणू असणार! वक्त्यांना ते लगेच पटलं नाही, पण त्यांनी तिला तपासायला तुकडा दिला. तिचंच खरं निघालं.

तर गंमत अशी. भेगांतून येणाऱ्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड हा वायू असतो. दापोलीजवळ उन्हवऱ्याच्या गरम कुंडापाशी गेला असाल तर सडक्या अंड्यासारखा वास आठवेल, तोच हा. जास्त झाला तर आपल्याला तो विषच. कृमीच्या तुऱ्यात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून तो लाल. पण त्याचं हिमोग्लोबिन प्राणवायू आणि हा विषारी वायू, दोन्ही एकाच वेळी वेगवेगळ्या जागी धरून ठेवतं आणि आत पोचवतं. आत एका मऊ पिशवीत अब्जावधी जिवाणू बसलेले. ते या दोन वायूंच्या रासायनिक क्रियेतून ऊर्जा मिळवतात आणि कार्बन डायऑक्साइडपासून अन्न तयार करतात. त्यातलं काही कृमीला मिळतं. शिवाय तो काही जिवाणूही पचवून टाकतो. म्हणजे घरात स्वयंपाकी ठेवायचे आणि अधूनमधून त्यांनाच खायचं!

जन्मताना हे जिवाणू त्याच्यात नसतात. पिल्लू तळावर टेकलं की पाण्यातले जिवाणू त्याच्या कातडीतून आत शिरतात.

‘हे जीव सूर्यावाचून जगतात’ असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडेल. मला ते अर्धंच खरं वाटतं. अन्न बनवायला त्यांना ऊन लागत नाही, हे खरं. पण जिवाणूंना लागणारा प्राणवायू वरच्या उन्हात वाढलेल्या वनस्पतींनीच तयार केलेला असतो आणि समुद्राच्या प्रवाहांबरोबर खाली पोचतो.

‘आपल्याकडे आहेत का?’ हा दुसरा ठरलेला प्रश्न. झरे आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या आणि चेन्नईच्या सागर तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात सुमारे साडेचार किलोमीटर खोल अशा एका झऱ्याचे फोटो काढले. हा राक्षसी नळीकृमी मात्र पॅसिफिकचाच. हिंदी महासागरातल्या काही झऱ्यांवर एक गोगलगाय राहते, तिच्या पायावर लोह आणि गंधकाचे खवले असतात. तिला तोंड आहे, पण तिचंही पोट मुख्यतः घशाजवळच्या ग्रंथीत पाळलेल्या जिवाणूंवरच भरतं.