सॅन फ्रान्सिस्कोचा बे म्हणजे खाडीच की हो

शाळेत बे म्हणजे उपसागर असं घोकलेलं, त्यामुळे सॅन फ्रान्सिस्को बे म्हटलं की डोळ्यासमोर काहीतरी अथांग निळंशार यायचं. मग एकदा विमान उतरताना खिडकीतून खाली बघितलं तर लाल, विटकरी, हिरवट चौकोन, गोधडी अंथरल्यासारखे. मिठागरं! पाणी जसजसं जास्त खारट होत जातं तसे त्यातले शेवाळ नि जीवाणू बदलतात आणि रंगही बदलतो. तेव्हा ट्यूब पेटली, अरे हा उपसागर बिपसागर काही नाही, ही खाडी आहे खाडी.

आणि एकदा खाडी म्हटलं की सगळं जुळतं बघा. सिएरा नेवाडा डोंगरांचं बर्फाचं पाणी घेऊन सॅक्रमेंटो आणि सॅन वाकीन या दोन नद्या येतात, कार्किनेझच्या चिंचोळ्या वाटेतून आत शिरतात, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मिसळतात आणि हे सगळं गोल्डन गेटमधून बाहेर पडतं, जी जेमतेम दीडेक किलोमीटरची फट आहे. हिमयुगात तर इथे समुद्राचं पाणीच नव्हतं, नुसती दरी होती, किनारा पार तिकडे फॅरालॉन बेटांजवळ, म्हणजे आजच्यापेक्षा 40 एक किलोमीटर पश्चिमेला. मग बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि दरी बुडाली. आज जी बेटं दिसतात ती बुडलेल्या टेकड्यांची डोकी. गोल्डन गेटच्या पुलाखाली खोली 100 मीटरच्या वर, पण आत बराचसा बे दोन-चार मीटरचाच, दक्षिणेला तर ओहोटीला मैलभर नुसता चिखल.

मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की स्पॅनिश जहाजं या किनाऱ्यावरून दोनेकशे वर्षं ये-जा करत होती आणि एवढं मोठं बंदर कोणाला दिसलंच नाही! धुकं तर असतंच, शिवाय बाहेरून बघितलं की समोरची बेटं आणि पलीकडचे डोंगर एकात एक मिसळतात, फट आहे असं वाटतच नाही. शेवटी 1769 मध्ये पोर्तोला या स्पॅनिश अधिकाऱ्याच्या लोकांनी हा बे जमिनीवरून पाहिला, तेही माँटेरेचं बंदर शोधायला निघाले होते, ते ओळखता आलं नाही म्हणून पुढे आले आणि हे सापडलं. पहिलं जहाज आत आलं 1775 ला, सॅन कार्लोस. आणि गोल्डन गेट हे नाव सोन्यामुळे नाही हं, मीही इतके दिवस तसंच समजत होतो. फ्रेमाँट या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने ते 1846 लाच ठेवलं, सोनं सापडलं 1848 मध्ये. पूल तर 1937 चा.

अल्काट्राझला, म्हणजे जुन्या तुरुंगाच्या बेटावर, सगळेच जातात, त्याबद्दल मी काय लिहू. त्यापेक्षा टिब्युरॉन गावाहून फेरी पकडून एंजल आयलंड या बेटावर जा. तिथला डोंगर माउंट लिव्हरमोर 240 मीटरच आहे, पण वरून अख्खा बे दिसतो आणि दुपारी धुकं पुलाखालून सरपटत आत येताना दिसतं. आतला प्रदेश तापला की समुद्रावरची गार हवा याच फटीतून ओढली जाते. जाकीट न्या, मी नेलं नव्हतं. खाली जुनं इमिग्रेशन स्टेशन आहे, 1910 ते 1940 चं. तिथे अडकवून ठेवलेल्या चिनी लोकांनी लाकडी भिंतींवर कविता कोरल्यात. मला वाचता येत नाही, तरी बराच वेळ उभा होतो.

भर घालून घालून लोकांनी हा बे बराच खाल्ला. 1961 मध्ये बर्कलीच्या तीन बायकांनी आवाज उठवला आणि 1965 ला भराव रोखायला सरकारी आयोग आला. आता बऱ्याच मिठागरांचे बांध फोडून भरतीचं पाणी परत आत घेतायत, पक्षी पण येतायत.

त्या दक्षिणेकडच्या चिखलात ड्रॉब्रिज नावाचं ओसाड गाव हळूहळू खचतंय. रेल्वे अगदी मधून जाते पण थांबत नाही, त्यामुळे खिडकीतूनच बघायचं. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा नेमका फोनमध्ये डोकं घालून बसलो होतो.