इंजिन राहू दे, आधी ब्रेक

रविवार, रात्र

गाडी सोळा वर्षं एका जागी उभी होती आणि जो येतो तो पहिलं हेच विचारतो, इंजिन चालू झालं का? नाही केलं अजून. जी थांबणार नाही ती चालू करून काय करायचं, त्यात हिच्या ब्रेकची लाइन एकच, म्हणजे एका चाकापाशी जरी ऑइल गळलं तरी पेडल खाली आणि चारही ब्रेक गेले.

मागचा डावा ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं गोल झाकण, निघायलाच दोन तास गेले. ब्रेक घट्ट-सैल करणारा अ‍ॅडजस्टर पूर्ण सैल केला, कडेकडेनं ठोकत फिरवला तेव्हा कुठे सुटला. आतली धूळ ओल्या फडक्यानंच पुसली, हवा अजिबात मारली नाही, ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये, म्हणजे घासणाऱ्या अस्तरात, अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि ते छातीत जायला नको. ऑइलच्या दाबानं चाकातला ब्रेक ढकलणारा व्हील सिलिंडर बाहेरून ठणठणीत दिसत होता, पण एक पिस्टन जागचा हलेना. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि गंज आतून धरतो. उघडला तर तपकिरी चिखल, रबरं इतकी कडक की नख रुतत नाही, आणि ती जिथे बसून होती बरोब्बर तिथेच खड्डे. नवीन रबर घालून भागेल असं क्षणभर वाटलं, पण बोट फिरवलं की खड्डा लागतोय तिथे नवीन रबरही फाटणारच. सिलिंडरच नवा घातला.

खरा घोळ पुढच्या उजव्या चाकाचा. पेडल सोडलं तरी चाक जाम. ड्रमला आतून घासणारे शू दोनदा उघडून बघितले, सगळं नीट. मग चाकापाशी हवा काढायचा निपल सैल केला, चाक लगेच सुटलं, म्हणजे प्रेशर आत अडकतंय. परत पेडल दाबून चाक जाम केलं आणि या वेळी होजच्या, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या, अलीकडचा लोखंडी पाइप सैल केला, तर चाक तसंच धरलेलं. दोषी होज! कापून बघितला, रबर आतून फुगून भोक सुईएवढं उरलेलं. पाय दाबला की ऑइल जोरानं पुढे जायचं, पण स्प्रिंगला ते मागे ढकलता येत नव्हतं. बाहेरून एक चीरसुद्धा नव्हती. आता उरलेले होजही बदलणार, दिसायला कितीही चांगले असोत.

संध्याकाळी ब्रेकच्या लाइनमधली हवा काढली. पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा मास्टर सिलिंडर अजून जुनाच आहे म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला, पार खालपर्यंत गेलं तर आतली रबरं गंजलेल्या भागावर घासतात. लेक पेडलवर, मी चाकाखाली, सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. "दाब... धरून ठेव... सोड." आधी काळं पाणी, मग बुडबुडे, मग बुडबुडे कमी आणि शेवटी नळीत स्वच्छ पिवळसर धार. नवीन डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल २३० अंश सेल्सिअसच्या आत उकळत नाही, पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ वर येते, आणि लांब उतारावर तापलेल्या ब्रेकला हा फरक फार मोठा असतो.

"बाबा, आता कडक लागतंय."

पुढचं उजवं चाक हातानं फिरवलं. तिनं दाबलं, थांबलं. सोडलं, फिरलं. चार-पाच वेळा उगाचच करून बघितलं.

चारही चाकांखाली आणि मास्टर सिलिंडरखाली कोरे कागद ठेवून आलोय. सकाळी चहाच्या आधी ते बघायचे.