टाच दाबून कुणी पाहिलीच नाही

आमचे चिरंजीव अकरा वर्षांचे. सकाळी पलंगावरून उतरले की टाच टेकवायचे नाहीत, चवड्यांवर, भिंत धरून बाथरूमपर्यंत. आणि दहा वाजता खाली क्रिकेट! "शाळा बुडवायची नाटकं" हा शिक्का मीच मारला. ते अजून टोचतं, कारण निघाला संधिवात.

मग हाडांचे डॉक्टर. नाव लिहीत नाही, पण राग गेलेला नाही. "वाढीचं दुखणं आहे, कॅल्शियम द्या." महिन्याभरात उजवा गुडघा सुजला. रक्त तपासलं, आरए फॅक्टर (संधिवातासाठी रक्तात बघतात ती एक खूण) निगेटिव्ह. "बघा, वात नाही. अहो, लहान मुलांना कुठे वात होतो?" पुढच्या खेपेला एक्स-रे, तोही नॉर्मल. त्यापुढच्या खेपेला मऊ चप्पल. असे पाच महिने. दर वेळी दोन तास बाकावर, आत चार मिनिटं, आणि त्या चार मिनिटांत एकदाही पोराला बूट काढायला सांगितलं नाही. मी म्हटलं, बसून राहिला की आखडतो, खेळला की मोकळा होतो. "मग खेळू द्या की!" पुढचा नंबर. खूण तीच होती. वाढीचं दुखणं संध्याकाळी-रात्री येतं, सकाळी पोर टुणटुणीत असतं. सांधा तर त्यात सुजतच नाही.

मुलांच्या संधिवाताच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा पोटरीची शीर (स्नायूचा दोर, रक्तवाहिनी नव्हे) टाचेला चिकटते तिथे अंगठा दाबला. पोरगं कळवळलं. शीर हाडाला जिथे चिकटते तीच जागा या आजारात सुजते, त्या सुजेला एन्थेसायटिस म्हणतात, आणि मुलांच्या या संधिवाताला एन्थेसायटिस-रिलेटेड आर्थ्रायटिस. मोठ्यांत बहुधा कंबर आधी धरते, मुलांत टाच, गुडघा, घोटा, खुबा; कंबर मागाहून. आरए फॅक्टर यात निगेटिव्हच असतो. एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेली एक आनुवंशिक खूण, रक्तात तपासतात) पॉझिटिव्ह आलं. नुसत्या त्यावरून निदान होत नाही, धडधाकट माणसांतही ते असतं. "घरात कुणाची कंबर सकाळी धरते?" त्यांनी विचारलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. माझी, विशीपासून.

एमआरआयच्या चिठ्ठीवर "सॅक्रोइलियक सांधे" (मणक्याचं खालचं टोक कमरेच्या हाडाला जोडणारे) असं लिहून घ्या, नाहीतर नुसता मणका काढून देतील. आमच्या मुलाची कंबर कधीच दुखली नव्हती, तरी तिथे सूज दिसली. सकाळच्या चालण्याचा व्हिडिओ काढून ठेवा, दुपारच्या ओपीडीत पोर छान चालतं. नेप्रोक्सेन (सूज आणि दुखणं कमी करणारी गोळी) चालू आहे, पोटभर जेवल्यावरच.

आणि हो, या आजारात डोळ्यालाही आतून सूज येऊ शकते; डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना, तर डोळे आले म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.