काम नसताना विद्यापीठात

"कोणाला भेटायचंय?" गेटवरच्या काकांनी विचारलं.

"कोणाला नाही. नुसतं फिरायला आलोय."

त्यांनी मला वरून खाली पाहिलं, नजर बुटांवर येऊन थांबली आणि म्हणाले, "जा." बूट चालायचे होते, तोच माझा पास.

पुणे विद्यापीठात मी यापूर्वी आलोच नाही असं नाही. पण दर वेळी काखेत प्लास्टिकची फाइल. कधी मायग्रेशन, कधी मार्कशीटची दुय्यम प्रत. काखेत फाइल असली की माणूस पाट्या वाचतो, इमारती बघत नाही. २०१४ साली सावित्रीबाई फुल्यांचं नाव लागलं, तरी रिक्षावाल्याला अजून नुसतं 'विद्यापीठ' म्हटलं की पुरतं. पुण्यात आता विद्यापीठं पुष्कळ झाली, ती सगळी पूर्ण नावानं सांगावी लागतात.

आत थोडं चाललं की चौकातले हॉर्न मागे पडतात आणि वड सुरू होतात. त्यांच्या काही पारंब्या इतक्या जाड झाल्यात की मूळ खोड कुठलं, ते शोधावं लागतं. वर एक राखी धनेश केकाटत होता. बाकी रस्ता सकाळी फिरणाऱ्यांचा. दोन आजोबा साखर कमी करण्यावर तावातावानं बोलत गेले. परतीच्या फेरीत विषय जिलबीवर आला होता.

मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नराचा पावसाळी बंगला. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, १८६४ साली, काम सुरू झालं. अमेरिकेत यादवी पेटली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव. पुढच्याच वर्षी यादवी संपली, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. बंगला मात्र १८७१ पर्यंत बांधला जातच राहिला. ज्यानं स्वतःचं घर बांधायला काढलंय, त्याला यात नवल वाटणार नाही.

भिंतीला हात लावून पाहिला. आपलाच काळा दगड. लांबून सपाट वाटतो, पण जवळ गेलं की टाकीचे बारीक तिरके घाव दिसतात. एका चिऱ्यावर ते डावीकडे झुकलेले, शेजारच्यावर उजवीकडे. दोन पाथरवट असतील, किंवा एकच, दुपारनंतर बसण्याची बाजू बदललेला. नकाशा काढणाऱ्या ट्रबशॉचं नाव पुस्तकात आहे. यांचं हे एवढंच.

२२ जून १८९७ ची गोष्ट शाळेत ऐकली, ती नेहमी रस्त्यावरून. गणेशखिंडीतला अंधार, दबा धरून बसलेले चापेकर बंधू, "गोंद्या आला रे!" इथे उभं राहिल्यावर तीच रात्र उलट्या बाजूनं दिसली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा समारंभ इथे चाललेला, प्लेगनं होरपळलेलं गाव तिकडे अंधारात, आणि मेजवानी आटोपून रँडची गाडी निघाली ती इथून. गाडीत बसताना तो कोणाला तरी "गुड नाइट" म्हणाला असेल. इतक्या वर्षांत हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

विद्यापीठ १९४९ चं. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. सुरुवातीचे काही महिने कारभार भांडारकर संस्थेच्या निजाम गेस्ट हाउसमधून चालला, मग गव्हर्नराच्या घरात बिऱ्हाड आलं. चारशेअकरा एकरांचं बिऱ्हाड! जयकरांच्या नावाच्या ग्रंथालयाबाहेर पोरं बसली होती. एकीच्या मांडीवर चालू घडामोडींचं जाडजूड पुस्तक, त्यावर डबा, डब्यात पोहे. एका हातानं घास, दुसऱ्यानं अधोरेखन. पिवळ्या हायलायटरचा की हळदीचा, पानावर एक डाग पडला होता.

आवारातल्या आयुकात, म्हणजे खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात, जायचं राहिलं. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिथलं दार सगळ्यांना उघडं असतं, तेव्हा जाईन.

परत निघालो तर घामाघूम झालेला एक पोरगा आडवा आला. काखेत प्लास्टिकची फाइल.

"काका, मायग्रेशनचा फॉर्म कुठे मिळतो?"

मी मोठ्या झोकात सांगितलं, "सरळ जा, वडाशी डावीकडे वळ, तिसरी खिडकी." तो पळाला. चार पावलं गेल्यावर लक्षात आलं, ती खिडकी अठ्ठ्याण्णव सालातली. वळून हाक मारली, पण पोरगा पारंब्यांच्या आड गेलाही होता.