१६-९ जिंकलो, तरी शिवाजी पेठेत वाद

फिलाडेल्फियात ईगल्स, म्हणजे शहराचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, जिंकला की दुसऱ्या दिवशी सकाळी स्पोर्ट्स रेडिओ लावावा. फोन करणारा आधी ‘गो बर्ड्स’ म्हणतो, कारण या शहरात तो नमस्काराच्या जागी चालतो, आणि लगेच तक्रारीला लागतो. पास कुठं गेले? पहिल्या हाफमध्ये गुण का नाहीत? एवढे मोठे खेळाडू घेतले ते कशासाठी? नवख्या माणसाला वाटेल, काल संघ हरला. मी इथं राहायला आले तेव्हा मला मात्र हे सगळं ओळखीचं वाटलं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना १-० जिंकून बाहेर पडणारी पेठेतली पोरं याच सुरात बोलत घरी येतात.

२०२५ मध्ये दिवाळी उलटल्यावर कोल्हापूरला आले होते आणि नोव्हेंबरमधले ईगल्सचे लागोपाठ दोन सामने शिवाजी पेठेत मामांच्या घरी लॅपटॉप टीव्हीला जोडून पाहिले. अमेरिकेतले रात्रीचे सामने नोव्हेंबरात आपल्याकडं सकाळी पावणेसातच्या सुमारास सुरू होतात. ११ तारखेला, मंगळवारी, ग्रीन बे पॅकर्सवर १०-७ असा विजय. १७ तारखेला, सोमवारी, डेट्रॉइट लायन्सवर १६-९. दोन्ही जिंकलो, आणि दोन्ही वेळा मी चिडले. दुसऱ्या वेळी माझ्याबरोबर मामाही चिडले, आणि मामांनी तर हा खेळ त्या मंगळवारच्या आधी कधी पाहिलाही नव्हता.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नाव फुटबॉल असलं तरी चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा. ज्या संघाकडं चेंडू, त्याला चार संधी. त्या चारांत दहा यार्ड पुढं सरकलं की नव्यानं चार मिळतात. नाही सरकता आलं तर चेंडू समोरच्याकडं. शेवटच्या रेषेपार नेला की टचडाऊन, त्याचे ६ गुण आणि वर किक बसली की आणखी १. तिथवर पोचता आलं नाही तर लांबून दोन खांबांमधून किक मारायची, तिचे ३. आपल्या फुटबॉलपेक्षा मोठा फरक असा की आक्रमण करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे. चेंडू गेला की एक फळी मैदानाबाहेर जाते, दुसरी आत येते. त्यामुळं एकाच सामन्यात, एकाच संघाचा बचाव जिंकू शकतो आणि आक्रमण हरू शकतं.

मामांनी हे ऐकलं आणि पहिलाच प्रश्न मुद्द्याला हात घालणारा विचारला. “म्हणजे पुढच्यांनी तीन चालींत बॉल घालवला, की मागच्यांनी लगेच पुन्हा आत जायचं? मग ती पोरं दम कधी खाणार?” हा सगळा वाद खरं तर एवढाच आहे. आक्रमण चेंडू स्वतःकडं राखतं तेव्हा ते गुण तर मिळवतंच, पण बचावाला बाकावर बसून श्वासही घेऊ देतं. ते सारखं रिकाम्या हातानं परत आलं, की चौथ्या क्वार्टरपर्यंत, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या पाव भागापर्यंत, बचावाचे पाय जड होतात.

लायन्सविरुद्ध बचाव जबरदस्त खेळला, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. चौथ्या संधीवर बहुतेक संघ धोका पत्करत नाहीत, चेंडू लांब लाथाडून मोकळे होतात. लायन्सचे प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल मात्र अशा वेळी बिनधास्त पुढं जाणारे म्हणून ओळखले जातात. त्या दिवशी त्यांनी चौथ्या संधीवर पाच वेळा धाडस केलं आणि पाचही वेळा ईगल्सनी त्यांना अडवलं. पाचव्यांदा अडवलं तेव्हा मामा खुर्चीतून उठून उभे राहिले. “ह्याला म्हणत्यात डिफेन्स!”

आणि आक्रमण? अख्ख्या सामन्यात एक टचडाऊन. तोही एक यार्डावरून, क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, जेलन हर्ट्सला मागून सगळ्यांनी ढकलत रेषेपार नेऊन मिळवलेला. ‘टश पुश’ म्हणून ही चाल प्रसिद्ध आहे. ती बंद करा म्हणून ३२ संघमालकांपुढं मे २०२५ मध्ये मतदान झालं, २४ मतं लागत होती आणि २२ पडली, म्हणून चाल वाचली. उरलेले गुण तीन किकचे. हर्ट्सनं २८ पास फेकले, १४ झेलले गेले. त्याआधीच्या आठवड्यात पॅकर्सविरुद्ध तर मध्यंतराला पाटी ०-० होती. दोन सामन्यांत मिळून २६ गुण, आणि हे गतविजेत्या संघाचे.

चिडायला कारण हेच गतविजेतेपद आहे. ९ फेब्रुवारी २०२५ ला न्यू ऑर्लिन्समध्ये याच संघानं कॅन्सस सिटी चीफ्सना ४०-२२ असं लोळवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला होता. त्या हंगामात सेक्वॉन बार्कली चेंडू घेऊन २,००५ यार्ड पळाला. लीगच्या इतिहासात दोन हजारांचा टप्पा गाठणारा तो नववा खेळाडू. तोच बार्कली २०२५ च्या हंगामातही होता. पास झेलायला ए. जे. ब्राऊन आणि डेव्होंटा स्मिथ होते. ब्राऊन तर आपल्याकडं चेंडू येत नाही म्हणून उघड नाराजी बोलून दाखवत होता. बदललं ते एवढंच की चाली ठरवणारे केलन मूर सुपर बोलनंतर न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून निघून गेले आणि ती जबाबदारी केव्हिन पटुलो यांच्याकडं आली.

सामना संपला तेव्हा आपल्याकडं दहा वाजत आले होते. फिलाडेल्फियात मध्यरात्र होत होती, तरी तिकडच्या मित्रमैत्रिणींचे मेसेज थांबत नव्हते. मामांनी विचारलं, “काय म्हणत्यात?” मी एकेक वाचून दाखवत गेले आणि बघता बघता सोप्यावर दोन तट पडले.

मावसभाऊ एका बाजूला. त्याचं म्हणणं सरळ होतं. “आठ जिंकल्यात, दोन हरल्यात. आणि काय पाहिजे तुमास्नी? समोर लायन्ससारखी टीम, घेतले का त्यांनी जास्त पॉइंट? पाटीवर काय लागलंय ते बघायचं. गोल कसा झाला हे दोन दिवसांनी कोण विचारतंय?” फिलाडेल्फियातही असं म्हणणारे भरपूर आहेत, आणि त्यांची बाजू कच्ची नाही. हर्ट्स चेंडू फारसा गमावत नाही. बचाव भक्कम असताना जोखीम टाळून तीन-तीन गुण वेचत राहणं हाही सामना जिंकायचा मार्ग आहे. गेल्या हंगामातही सुरुवातीला आक्रमणावर टीका झालीच होती आणि फेब्रुवारीत त्याच संघानं चाळीस गुण केले.

दुसऱ्या बाजूला मामा. “आरं, खासबागेत कुस्ती गुणावर सुटली तर लोक टाळ्या वाजवत्यात. पण वर्षभर बोलत्यात कुठल्या कुस्तीबद्दल? चितपट केलेल्या. ही टीम चितपट करणारी हाय असं तूच सांगितलंस न्हवं?” मी मान हलवली. “मग अशी अंग चोरून का खेळतीया?”

मावसभाऊ म्हणाला, “मामा, तुम्ही स्टेडियमवर पण असंच करताय. शिवाजी मंडळाची टीम एक-शून्यनं जिंकली तर रात्री जेवताना तुमचं सुरू, त्यो सोपा बॉल बाहेर कसा मारला.”

मामांनी ते नाकारलं नाही. उलट जे सांगितलं ते मी फिलाडेल्फियात आमच्या टोळक्यालाही सांगितलं. कोल्हापुरात वरिष्ठ गटाचे सामने शाहू स्टेडियमवरच होतात. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल, सगळ्या तालमी-मंडळांचे खेळाडू आणि त्यांचे समर्थक एकमेकांचे सामने बघायला त्याच गॅलरीत बसलेले असतात. “आपण जिंकलो त्या दिवशी पुढच्या म्याचची टीम वर बसून बघत असती,” मामा म्हणाले. “आपले फॉरवर्ड गोलपुढं गडबडत्यात, उजवीकडनंच सगळ्या चढाया होत्यात, हे तिला कळतंय. जिंकलास म्हणून ते झाकून राहत न्हाई. आणि टायब्रेकरवर सुटलास तर अजूनच उघडं पडतंय. म्हणून जिंकल्यावर बोलायचं. हरल्यावर कोणबी बोलतंय.”

मला हे अगदी पटलं. ‘जिंकलं की झालं’ म्हणणारा प्रेक्षक आजच्या पाटीकडं बघत असतो. तक्रार करणाऱ्याला पुढचा रविवार दिसत असतो. अमेरिकेत गॅलरीत बसून बघायची गरज नाही, प्रत्येक चालीचं चित्रीकरण पुढच्या संघाच्या टेबलावर असतं. पहिल्या संधीवर बार्कलीला मधून पळवायचं, दुसऱ्यावर पुन्हा तेच, आणि तिसऱ्यावर लांब पास टाकायचा, हा क्रम टीव्हीसमोर बसून मला ओळखता येतो. मग ज्याचं ते कामच आहे, त्या बचाव प्रशिक्षकाला किती सहज येत असेल!

पण तक्रार कशाची करायची याबाबत माझं आमच्या रेडिओवाल्यांशी पटत नाही. ते सगळं खापर हर्ट्स आणि पटुलो यांच्यावर फोडत होते. मला मोठं कारण दिसतं ते क्वार्टरबॅकपुढं उभ्या राहणाऱ्या पाच धिप्पाड माणसांत. त्यांनी समोरच्याला दोन-तीन सेकंद रोखलं तर पास सुटतो, त्यांनी वाट फोडली तर बार्कली सुटतो. आधीच्या हंगामातल्या २,००५ यार्डांत या पाच जणांचा वाटा मोठा होता. २०२५ च्या हंगामात त्या फळीत लँडन डिकरसन आणि कॅम जर्गन्स दुखापतींनी हैराण होते, आणि लायन्सविरुद्धच्याच सामन्यात लेन जॉन्सन पायाच्या दुखापतीनं बाहेर गेला. तो उठून लंगडत निघाला तेव्हाच मला पुढच्या महिन्याची काळजी लागली. रेडिओवर त्याच्याबद्दल कमी बोललं जातं, कारण चेंडू घेऊन पळणं किंवा पास झेलणं हे या माणसांचं काम नाही. कोल्हापुरातही मध्यफळीत मान खाली घालून राबणाऱ्या पोराचं नाव कट्ट्यावर क्वचित निघतं. गोल मारणाऱ्याचं आणि गोल चुकवणाऱ्याचंच निघतं.

यावर मामांनी मला एका जागी अडवलं. फळी दुखापतींनी मोडली असेल तर चाली तशा आखायला नकोत का, असं त्यांचं म्हणणं. लांब पास टाकायला वेळच मिळत नसेल तर छोटे, पटकन सुटणारे पास टाका, चेंडू बाहेरून न्या. माणसं बदलता येत नसतील तर डाव बदलायचा. हे तालमीतल्या माणसाचं उत्तर आहे आणि मला अजून ते खोडता आलेलं नाही. बोलता बोलता आम्ही मिसळ खायला बाहेर पडलो. तिथंही वाद सुरूच होता, आणि शेजारच्या टेबलावरच्या एका अनोळखी काकांनी आम्ही स्थानिक लीगबद्दल बोलतोय असं समजून आपलं मत घातलं. त्यांचं मतही आक्रमणाविरुद्धच होतं.

पुढच्या रविवारपर्यंत मी फिलाडेल्फियात परतले होते. २३ नोव्हेंबरला डॅलसमध्ये काउबॉइजशी सामना होता. दुसऱ्या क्वार्टरमध्येच ईगल्स २१-० पुढं, आणि ज्या मैत्रिणीकडं जमलो होतो तिथं जल्लोष सुरू. तीन टचडाऊन झाल्यावर कुणाला तक्रार सुचणार? त्यानंतर आमच्या संघाला एकही गुण मिळाला नाही. दर वेळी चेंडू समोरच्याकडं गेला, बचाव पुन्हा पुन्हा मैदानात येत राहिला, दमत गेला, आणि अखेरच्या क्षणी डॅलसनं किक मारून सामना २४-२१ असा नेला. पाचच दिवसांनी शिकागो बेअर्सनी ईगल्सना त्यांच्याच मैदानावर २४-१५ हरवलं आणि त्या दिवशी स्टेडियममध्ये संघाची हुर्यो झाली.

डॅलसच्या सामन्यानंतर मामांचा फोन आला. त्यांनी सकाळी उठल्याउठल्या निकाल पाहिला होता. “एकवीस झाल्यावर ह्यांनी काय केलं, ते सांग आधी,” एवढंच म्हणाले, आणि मी चाल न् चाल सांगत गेले. मधेच मावसभावानं फोन घेतला. त्याचं मत बदललेलं नाही. त्याच्या मते लायन्सविरुद्धचा विजय हा विजयच होता आणि डॅलसचा पराभव हा वेगळा विषय आहे, दोन्ही एकत्र करू नयेत. मामांच्या मते तो एकच विषय आहे आणि त्याची सुरुवात पॅकर्सविरुद्धच्या ०-० वाल्या पहिल्या हाफपासून होते. मी मामांच्या बाजूनं आहे, फक्त दोष पटुलोंच्या आधी त्या मोडलेल्या फळीला देते. केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) फुटबॉल लीग सुरू झाली की मामा मला शाहू स्टेडियमवरचे व्हिडिओ पाठवणार आहेत, आणि शिवाजीच्या आक्रमणाबद्दल त्यांच्याकडं आत्ताच तीन तक्रारी तयार आहेत.