पत्र मिळेपर्यंत बदकं निघून गेली

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कुठल्या ऑफिसात अर्ज घेऊन जाऊ नये हे शेंबडं पोरगं पण सांगेल, पण मी गेलो.

कोल्हापूरजवळचाच तलाव आहे, नाव घालत नाही, मला परत तिथं जायचंय. आधी नुसती दुर्बीण घेऊन गेलेलो तेव्हा भुवई बदकांचा मोठा थवा बघितला, नराच्या डोळ्यावर ती पांढरी पट्टी एकदम ठळक. ही सगळी उन्हाळ्याआधी उत्तरेला परत जातात, पार सैबेरियाकडं, म्हणून पुढच्या रविवारी कॅमेरा घेऊन गेलो तर गेटवरच्या मामांनी लेन्स बघून हात आडवा केला. "मोबाईलनं काढा की, ह्याला लेटर लागतंय."

मग लेटर. पहिल्या दिवशी जेवणाची सुट्टी. दुसऱ्या दिवशी साध्या कागदावरचा अर्ज चालत नाही म्हणे, नमुना समोरच्या झेरॉक्सवाल्याकडं मिळतो, आणि झेरॉक्सवाल्याचं मशीन बंद. तिसऱ्या दिवशी अर्ज, आधार, दोन फोटो सगळं दिलं तर क्लार्क म्हणाले कुठले पक्षी काढणार ते लिहा. मी लिहिलं, दिसतील ते. "असं मोघम नको, नावं घाला." घातली. शेकाट्या, हळदी-कुंकू बदक, वारकरी. त्यांनी पेन खाली ठेवलं. "वारीचे फोटो काढायचेत का तळ्यावर?" बाजूच्या टेबलावरच्या मॅडम चहा सांडेपर्यंत हसल्या. मी आपला सांगत बसलो, काळा पक्षी असतो साहेब, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून वारकरी. त्यांना पटलं बहुतेक, पण सही करणारे साहेब मार्च एंडिंगच्या मीटिंगला, "एक तारखेनंतर या". मला हसू पण येईना. तिकडं पक्ष्यांचं पण मार्च एंडिंगच चाललेलं ना, ते कुणाच्या सहीसाठी थांबतात होय.

पाचव्या फेरीला पत्र मिळालं. एका दिवसाचं!

एप्रिलचा पहिला शनिवार, साडेसहाला पोचलो. सकाळी पूर्वेच्या काठावर बसा, ऊन पाठीमागं राहतं, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतात. आठ-बेचाळीसची दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं) भरपूर झाली, आणि टोपी न्याच, नऊनंतर डोकं तापतं. भुवई बदक एक पण नाही. हळदी-कुंकू होती, ती इथलीच, चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल ठिपके, जवळून बघितलं की नाव कुणी ठेवलं त्याच्या पाया पडावं वाटतं. केंदाळावर एक पिवळा धोबी शेपूट हलवत फिरत होता, थंडीत मळका दिसणारा हाच पक्षी आता हळदीत बुडवून काढल्यागत. तो अजून निघाला नव्हता, त्याचे बारा फोटो मिळाले, त्यातला एक शार्प.

लेटर-बिटरच्या भानगडीत पडायचं नसेल तर रंकाळ्यावर जावा, तिथं काठानं फिरताना पण वारकरी दिसतात.

आणि हो, पत्राची झेरॉक्स काढून ठेवा. मी ओरिजिनल दाखवलं, मामांनी वाचलं, घडी घातली आणि खिशात टाकलं. "हे हितंच ऱ्हातंय."